वसंतआप्पांची गिटार-परीक्षा

टिळकवाडीत वसंतआप्पांच्या घरी चहाला गेलात, तर कपाच्या आधी डोळ्यांवर टॉवेल येतो. तो मुकाट्यानं बांधून घ्यायचा. मग आप्पा दोन इलेक्ट्रिक गिटारी आळीपाळीनं वाजवतात. त्यांतली महागडी कुठली, हे सांगितल्याशिवाय चहा मिळत नाही.

आप्पांना वाजवता येतात फक्त तीन कॉर्ड. त्यांचा जन्म मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर गेला. महागडी गिटार माझी. हौसेनं घेतली आणि सहा महिने कपाटावर ठेवली, म्हणून आप्पांनी ती ‘परीक्षेसाठी’ नेली ती नेलीच. स्वस्तातली त्यांच्या मुलीची, शुभाची. ती शाळेत असताना घेतलेली. आप्पा दर रविवारी फीलर गेजनं, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, त्या गिटारीच्या तारांची उंची मोजतात.

“किंमत नावाची असती. सेटिंग नीट केलं की सगळं सारखंच वाजतंय,” हा त्यांचा सिद्धान्त. कुणी “मला वाटतं” म्हणालं की संपलं. “वाटतंय म्हनू नगा, मापात सांगा.”

शेजारचे वकीलसाहेब तीनदा चुकले. चौथ्यांदा त्यांनी पुढची तारीख मागून घेतली. मला तर माझीच गिटार ओळखता आली नाही, आणि ते आप्पांनी गल्लीभर सांगितलं.

या दिवाळीत शुभा बेंगळूरहून आली. नोकरी सांभाळून ती तिकडे एका बँडमध्ये वाजवते. मी फराळाला गेलो होतो.

“आप्पा, माझी बी परीक्षा घ्या की,” ती म्हणाली.

“तुला कशाला गं?” आप्पा चक्क टाळायला लागले. मी नको तिथे उत्साही माणूस; मीच तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

शुभानं ऐकण्याऐवजी दोन्ही गिटारी स्वतः वाजवल्या. मला काडीचाही फरक कळला नाही. तिनं मात्र लगेच माझ्या गिटारीवर हात ठेवला.

“ही महाग. आवाज सारखाच हाय, आप्पा. पण हाताला कळतंय. ह्येच्यावर बोटं आपोआप पळत्यात.”

आप्पा खुर्चीत बसले. चिवडा तसाच राहिला.

“तुझी गिटार घेताना दुकानात तू दुसऱ्याच गिटारीला हात लावलतीस,” ते हळूच म्हणाले. “मला परवडत न्हवती. सारखंच वाजतंय म्हनून तुला गप केलो. तवापास्नं लोकांस्नी त्येच पटवत बसलोय. मनाला लई खातंय बघ.”

इतके दिवस त्या टॉवेलाला हसलो, याची मला लाज वाटली.

शुभानं टॉवेल सोडला. “मला दुकानातच कळलतं, आप्पा. पण तुमी पाळीवरनं दमून आलासा तरी हात धुऊन माझी गिटार घेऊन बसायचासा. माझी बोटं दुखू नयेत म्हनून तारा खाली घ्यायचासा. मग मी दुसरी कशाला मागू?”

आप्पांनी तिचा डावा हात हातात घेतला आणि बोटांच्या टोकांवरचे घट्टे एकेक करून चाचपत राहिले.