गॅलियम धातू हौदांतून काढिला त्याची हकीकत

भूमीचे उदरीं जें दडलें आणि मनुष्याचे कष्टें जें प्रगटलें, त्या उभयतांस नमन असो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, परमुलुखाने गॅलियम धातू देणें बंद केलें आणि राज्यांत त्या धातूच्या चिपा, म्हणजे यंत्रांचे चिमुकले मेंदू, घडविणारे कारखाने थंडावले. मग दिवाण अनंतराव खोत यांणीं हुकूम काढिला कीं, कोळंब्याचा डोंगर फोडावा, धातू शोधावा, आणि पायथ्याचे तीन गांव उठवावे. हें वर्तमान अॅल्युमिनियमचे कारखान्यांत सुलभाबाई मोहोड यांस कळलें. बाई तेथें रसायनें तपाशीत, बावीस वर्षें जाहलीं होतीं. तैशाच उठोन दिवाणांचे कचेरींत गेल्या आणि बोलिल्या, "साहेब, या धातूची वेगळी खाण नसतेच. अॅल्युमिनियमसाठीं आम्ही जो दगड हौदांत क्षाराचे पाण्यांत विरघळवितों, त्यांत हा चिमूटभर असतो, तो त्या पाण्यांत उतरतो. मी काढून देतें." दिवाण म्हणाले, "बाई, आणि नाहीं निघाला तर?" बाई म्हणाल्या, "तर डोंगर कोठें पळून जातो? सहा महिने द्या."

मुदत मिळाली. मग बाईंनीं धातू धरून ठेवणारे बारीक मणी हौदाचे पाण्यांत सोडिले, आणि त्या जहाल क्षाराने मणीच खाऊन टाकिले. दुसरे आणिले, तेही गेले. हातावर फोड उठले, मंडळी हंसों लागली, आणि पांचवा महिना सरतां बाईंसही वाटलें कीं आपण उगाच शब्द दिला, तीन गांवांस खोटी आशा लाविली. तरी पाणी निववून, क्षार बेताचा करून, पुन्हां मणी सोडिले, ते टिकले. मग मणी आम्लांत धुतले, त्या पाण्यांत वीज सोडिली, आणि माघमासीं रुपेरी खडा हातीं आला.

बाईंनीं तो दिवाणांचे तळहातीं ठेविला. हाताचे उबेनेंच खडा वितळोन पाण्यासारखा डोलूं लागला. दिवाण थक्क जाहले. "कोठें खणलात?"

"खणला नाहीं साहेब. कारखाना निघाल्यापासून चाळीस वर्षें आपणच हौदांत फिरवीत होतों."

दिवाणांनीं धातू जपून वाटींत ओतविला आणि गांव उठविण्याचा हुकूम स्वहस्तें फाडिला. पुढें धातू शुद्ध होऊन चिप घडली, नखाहून लहान. बाईंनीं भिंगांतून पाहिली. आपला धातू कोठें दिसेना, तरी डोळे भरोन आले.

ऐसें हें वर्तमान जाहलें. डोंगर जागीं राहिला, तिन्ही गांव नांदते राहिले, आणि कारखाने चालते जाहले. बाई दुसरे दिवशीं नित्याचे वेळेस कामावर हजर होत्या.