कोल्ड रूममधली बरणी

वस्तू नीट कशी ठेवावी हे मला विचारा. आमच्या कॅनडातल्या, लव्हालच्या घरात विंटर टायर्स कुठल्या चाकाचे कुठले, हे खडूने लिहिलेलं असतं. गणपतीच्या मखराचे दिवे मी गुंता न होऊ देता वर्षभर ठेवून दाखवतो. यामिनी, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुझा मेंदू सोडून सगळं जागेवर असतं. बायकांना कौतुक असंच करता येतं.

तर अशा माझ्यासारख्या माणसाकडे जपून ठेवायची एक खास गोष्ट होती. व्हेपचं लिक्विड! सिगारेट सोडायची म्हणून मी डॉक्टरांना विचारून व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, आलो होतो. हळूहळू निकोटिन कमी करायचं आणि शेवटी तेही बंद, असा यामिनीशी करार होता. पण मध्येच क्यूबेकमध्ये फ्लेवरवाल्या लिक्विडवर बंदी आली. त्याआधी घेऊन ठेवलेल्या, आंब्याच्या वासाच्या मोजक्या बाटल्या माझ्याकडे उरल्या. त्या संपल्या की माझं व्यसनही संपणार होतं. त्यामुळे त्या बाटल्या लवकर बिघडू नयेत, आणि लवकर संपूही नयेत, अशी माझी मनापासून इच्छा होती.

मी वाचून वाचून नियम पाठ केले. उजेड नको, उष्णता नको, झाकण घट्ट, बाटली उभी, पोरांचा हात पोचू नये. आमच्या बेसमेंटला कोल्ड रूम आहे, इथले लोक तिला शांब्र फ्र्वाद म्हणतात. पायऱ्यांखालची अंधारी, थंडगार खोली. देवानेच माझ्या लिक्विडसाठी बांधल्यासारखी.

एवढ्यात नागपूरहून सासूबाई यायचं ठरलं. साखरपुड्याला त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "काही व्यसन?" आणि मी म्हणालो होतो, "सुपारीचं खांडसुद्धा नाही." त्या उत्तरावर माझं लग्न झालं. सासूबाईंच्या नजरेत मी जो काही आहे, तो त्या सुपारीच्या खांडावर उभा आहे.

म्हणून मी सगळ्या बाटल्या चिनीमातीच्या एका रिकाम्या बरणीत उभ्या केल्या, तोंडाला पांढरा दादरा बांधला आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'कैरीचं लोणचं. मुरतंय. उघडू नये.'

"खायच्या बरणीत?" यामिनी म्हणाली. "पुष्कर, ते विष आहे."

"सीलबंद बाटल्या आहेत. आणि मुरणाऱ्या लोणच्याला कोण हात लावतं?"

"तू आईला सरळ सांगून टाक."

"सांगेन ना. योग्य वेळी."

सासूबाई आल्या आणि सामान ठेवायच्या आधी त्यांनी घर पाहिलं. कोल्ड रूममध्ये तर त्यांचा जीवच रमला. "काय बाप्पा थंडावा आहे! पापड, कुरडया सगळं इथेच ठेवते." मग त्यांची नजर बरणीवर गेली. "हे लोणचं कोणी घातलं?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"जावईबापू, तुम्ही? मोहरी फेसून घेतली का?"

"दोनदा फेसली."

"आणि तेल?"

"घातलं."

त्या माझ्याकडे काही क्षण पाहत राहिल्या. मला ते कौतुक वाटलं.

दोन दिवसांत आमचं अख्खं मराठी मंडळ मला लोणच्याबद्दल विचारू लागलं. सासूबाईंनी शेजारच्या नंदाताईंना सांगितलं होतं, आणि नंदाताईंना सांगितलं की लाउडस्पीकर वेगळा लावावा लागत नाही. त्यांचा फोन आला. "दादा, गुढीपाडव्याच्या पॉटलकला बरणीच घेऊन या. सगळ्यांसमोर उघडू."

"अजून मुरतंय हो."

"चालेल हो. आम्ही अर्धं मुरलेलंही खातो."

माझी झोप उडाली. ताण आला की माझा हात व्हेपकडे जातो, म्हणून मी दर तासाला, बर्फ काढायचं निमित्त करून, शोव्हल म्हणजे फावडं घेऊन डेकवर खिशातला भरलेला व्हेप ओढायला जाऊ लागलो. बर्फ तर केव्हाच वितळला होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी इंडियन ग्रोसरीतून लोणच्याच्या बाटल्या आणि नवी बरणी आणली. खायचा पदार्थ जुन्या बरणीत घालण्याइतका मी मूर्ख नव्हतो. हातात ग्लव्ह्ज घालून कोल्ड रूममध्ये गेलो, दादरा सोडला, आत पाहिलं.

बरणी रिकामी होती.

माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला, आमच्या सात वर्षांच्या लेकीचा, ऊर्मीचा. आंब्याचा वास, रंगीत बाटल्या! धावत वर आलो तर ती सोफ्यावर बसून काहीतरी चघळत होती, आणि घरभर आंब्याचा वास सुटला होता.

"ऊर्मी, थुंक ते. आधी थुंक!"

"बाबा, रिलॅक्स. इट्स जस्ट आंबापोळी. आजी गेव्ह मी."

मी तिथेच जमिनीवर बसलो. तिचं तोंड हुंगून पाहिलं, हात हुंगून पाहिले. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

"बाटल्या माझ्या सुटकेसमध्ये आहेत," सासूबाई मागून म्हणाल्या. "कुलूप लावून. उद्या त्या बरणीत कोणी चमचा घातला असता म्हणजे?"

"तुम्ही बरणी उघडलीत?"

"आले त्याच दिवशी. दादऱ्याला तेलाचा एक डाग नाही, आणि म्हणे लोणचं. बर्फ नसताना शोव्हल करणारा माणूसही मी पहिल्यांदाच पाहिला."

"मग नंदाताईंना का सांगितलंत?"

"तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून वाट पाहिली. म्हटलं, जरा शेकोटी पेटवावी." त्या माझ्याशेजारी बसल्या. "यामिनीच्या बाबांनी सिगारेट सोडायचा विचारसुद्धा केला नाही. शेवटी पायऱ्या चढता येईना. तुम्ही निदान सोडताय. त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण विष खायच्या बरणीत ठेवता काहून? आमच्याकडे उंदराचं औषधही स्वयंपाकघरात येत नव्हतं."

मी मान खाली घालून म्हणालो, "चुकलं. यापुढे बाटल्या कुलपातच ठेवीन."

"ठेवू नका. त्यांची तारीख गेल्या वर्षीच उलटली आहे."

मी सुटकेस उघडवून पाहिलं. प्रत्येक बाटलीच्या बुडाशी तारीख छापलेली होती. उजेड, उष्णता, झाकण, उभी बाटली, सगळं मी सांभाळलं होतं. बूड काही पाहिलं नव्हतं. घातक कचरा घेतात त्या केंद्रावर त्याच दुपारी सगळ्या बाटल्या देऊन आलो. सासूबाई गाडीत बसून होत्या, मी परत फिरू नये म्हणून.

पाडव्याला नव्या बरणीतून लोणचं वाढलं गेलं. सासूबाईंनी नागपूरहून आणलेलं होतं, आणि त्यांनी शपथेवर सांगितलं की जावयांनी घातलंय. सगळ्यांनी बोटं चाटली.

"दादा, किती दिवस टिकतं हो हे?" नंदाताईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तारीख वाचता आली, तर बरंच टिकतं."

मी वरणभात वाढून घेतला.