खुर्चीवरचा गोलकीपर

विश्वचषक तुम्ही पुष्कळ बघितले असतील, मंडळी. पण अख्ख्या मोसमात ज्याच्यावर एकही गोल झाला नाही, असा संघ बघितलाय? नाही ना? मग त्याचा प्रशिक्षक तरी बघून घ्या! मी कादिर, मुक्काम हर्णै, जिल्हा रत्नागिरी.

तेव्हा सौदीच्या दक्षिण सरहद्दीवर लढाई जुंपली होती. आमचा लष्करी तळ मात्र दम्मामच्या बाजूला, वाळूत. लढाई आमच्यापर्यंत यायची ती फक्त भोंग्यातून. भोंगा वाजला की आम्ही टेबलाखाली आणि डाळ गॅसवर! त्या वर्षी जवानांनी शत्रूपेक्षा करपलेल्या डाळीला जास्त तोंड दिलं.

मी तिथल्या मेसचा सुपरवायझर. माझ्या हाताखाली श्रीवर्धनचा नदीम कांदे चिरायला होता. पोराचा पाय असा, की चेंडू मारला तर उंटसुद्धा वळून बघेल! पण बिचाऱ्याचं तोंड कायम उतरलेलं. अफशाँशी निकाह ठरलेला, दोनदा पुढे ढकललेला, आणि लढाईमुळे सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. सासऱ्यानं निरोप धाडला होता, 'ईदनंतर लगेच आलास तर जावई, नाहीतर मुलगी दुसरीकडे देतो.'

अशात कर्नलसाहेबांनी तळावर फुटबॉलचे सामने जाहीर केले. बक्षीस काय? अंतिम सामन्यात विजयी गोल मारणाऱ्याला महिनाभर सुट्टी, तिकिटासकट!

नदीम धावतच आला. "चाचा, आपला संघ काढू या! पण तुम्हाला फुटबॉल येतो?"

"अरे, मी हर्णैचा! जाळ्यात कसं काय घालायचं, ते मला शिकवतोस?"

संघ उभा राहिला. आचारी, वाढपी, भांडीवाले, सगळे तयार. तोच तळावरच्या कामांचं कंत्राट असलेल्या आमच्या कंपनीच्या डायरेक्टरनं फतवा काढला. सरकार नोकऱ्यांत सौदीकरण करत होतं, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी; यानं ते फुटबॉलात आणलं. प्रत्येक संघात एक तरी सौदी, आणि तो पूर्ण वेळ मैदानात. नसेल तर संघ बाद!

आमच्या मेसवर सौदी एकच, मुतलक. हुद्दा उपव्यवस्थापकाचा. कंपनीनं नेमतानाच त्याला हात जोडून सांगितलं होतं, "पगार घे, घरी बस, आमची टक्केवारी तेवढी भरू दे." पोरगा आज्ञाधारक. मनापासून घरी बसायचा!

मी त्याला फोन केला. तो आला. अंगात पांढराशुभ्र पायघोळ तोब, हातात घडीची खुर्ची, बगलेत गाहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास आणि खजुरांचा डबा.

"कादिर, मी काय करू?"

"काही नको साहेब. तिथं दोन खांबांच्या मधे बसा. सावली आहे."

रेफरी सार्जंटनं नियम चाळले. खुर्चीला बंदी कुठंच नव्हती.

पहिला सामना लाँड्रीवाल्यांशी. त्यांचा मलबारी सेंटर फॉरवर्ड सगळ्यांना चकवून थेट गोलासमोर! पाय उचलला, समोर बघतो तर खुर्चीत सौदी! पाय हवेतच थिजला. चेंडू चुकून साहेबाच्या नाकावर बसला तर? उद्या इकाम्याचं, इथं राहायच्या परवान्याचं काय? त्यानं पाय हळूच खाली ठेवला, सलाम केला. मुतलकनं प्रेमानं खजूर पुढे केला. तो खजूर खातोय तोवर नदीमनं चेंडू पळवून पलीकडे गोल ठोकला!

त्या सामन्यात चार, पुढच्यात पाच. आमच्या गोलासमोर गर्दी व्हायची, पण सगळी गाहव्यासाठी! मी तर मुतलकच्या शेजारी सतरंजीही टाकली. ह्याला म्हणतात बचावफळी!

पण जगात शहाणे मी एकटाच थोडा? मेंटेनन्स विभागाचे राजाभाऊ, नाशिकचे इंजिनियर, त्यांच्या संघाचे प्रशिक्षक. ते आमचे दोन सामने बघून गेले आणि त्यांनीही आपला सौदी गोलात उभा केला. कोण? तर मंदूब! म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांचे पासपोर्ट आणि इकामे ज्याच्या हातात असतात, तो माणूस!

आणि अंतिम सामना नेमका त्यांच्याशीच.

"राजाभाऊ, ही बेइमानी आहे," मी म्हटलं.

"कादिरभाई, तुमची खुर्ची ती डोकं, आणि आमचा मंदूब ती बेइमानी?"

सामना सुरू झाला. कर्नलसाहेब तंबूत, डायरेक्टर शेजारी. दोन्हीकडचे वीर गोलापर्यंत जायचे आणि सलाम करून परत यायचे. एकदा नदीम अगदी मोकळा सुटला.

"मार!" मी ओरडलो.

"चाचा, ह्याला गोल मारला तर माझ्या पासपोर्टवर शिक्का कोण मारणार?"

खरंच की! गोलाशिवाय सुट्टी नाही, आणि मंदूबशिवाय सुट्टीवर जायचा व्हिसा नाही. पोरगा मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निघालेल्या उंदरासारखा घामाघूम!

शून्य-शून्य. सार्जंटनं पेनल्टी जाहीर केल्या. मेंटेनन्सच्या पाच जणांनी मुतलकच्या दिशेनं चेंडू असे सोडले, जणू नदीत दिवे सोडतायत. आमच्या चौघांचंही तेच. शेवटची पाळी नदीमची. त्यानं आकाशाकडे बघितलं, बिस्मिल्ला म्हटलं, चेंडूला पाय लावला. चेंडू निम्म्या वाटेत बसला. नदीमही बसला.

तेवढ्यात मागं धाडकन आवाज झाला. मला वाटलं, बाँब! मुतलकनं खुर्ची लाथाडली होती!

"खलास!" तो त्याच्या अरबी-हिंदी खिचडीत गरजला. "ऑफिसला गेलो तर म्हणता, घरी बस. मैदानात आलो तर म्हणता, खुर्चीत बस! अरे, शाळेत कॅप्टन होतो मी! मोसमभर वाट बघतोय, कुणी तरी एक चेंडू मारेल माझ्याकडे!"

सार्जंट म्हणाला, "अजून एक पेनल्टी. कोण मारणार?"

"मी!"

मुतलकनं तोब कमरेला खोचला, चपला भिरकावल्या, धावत आला आणि असा सणसणीत ठोकला की चेंडू मंदूबच्या कानाजवळून जाळ्यात! सौदीवर गोल करायला शेवटी सौदीच लागला! त्यांच्याकडून परतफेडीला कुणी पुढे येईना. सामना आमचा!

आम्ही नाचलो. मंदूबही नाचला, तो मुतलकचा मावसभाऊ निघाला! नाचता नाचता माझं लक्ष नदीमकडे गेलं. तो मैदानात तसाच बसलेला. विजयी गोल मुतलकचा, म्हणजे सुट्टी मुतलकला. वर्षभर घरी बसलेल्या माणसाला महिनाभर सुट्टी!

मुतलकनं नदीमला हात धरून उठवलं आणि कर्नलसाहेबांसमोर उभं केलं. "साहेब, मला सुट्टीचा कंटाळा आलाय. ती ह्याला द्या. ह्याचे कांदे मी चिरतो."

कर्नल हसले. मंदूबनं तिथल्या तिथं मान डोलावली. नदीम गेला!

दुसऱ्या दिवशी मुतलक खरोखर मेसमध्ये हजर. मी त्याला मन लावून शिकवलं. कांदा, हिशेब, सामानाची मागणी, आचाऱ्यांना दम कधी द्यायचा आणि चहा कधी. आठवड्यात त्याची डाळ माझ्यापेक्षा सरस! भोंगा वाजला तर आधी गॅस बंद, मग टेबलाखाली. आम्हाला इतक्या महिन्यांत हे सुचलं नव्हतं. छाती फुगली माझी. शिष्य असावा तर असा!

डायरेक्टर बघायला आला. कंपनीतला पहिला खराखुरा काम करणारा सौदी! त्याचे डोळे पाणावले. त्यानं मुतलकचा हात हातात घेतला, मग माझा.

मंडळी, ईदनंतर श्रीवर्धनला निकाह झोकात झाला. नदीम शेरवानीत, सासरा खुशीत, आणि पहिल्या पंगतीत कोण? मी! गावातले अजून विचारतात, "कादिरचाचा, ऐन लढाईत नदीमला गोलामुळे सुट्टी मिळाली, पण तुम्हाला कशी मिळाली हो?"

मी दाढी कुरवाळतो आणि म्हणतो, "प्रशिक्षकाचा मान!"

तुम्ही घरचे म्हणून सांगतो. ती सुट्टी नव्हती. एकेरी तिकीट होतं.