आवाज बंद करून मालिका बघणारी इंदूबेन

आमच्या शेजारची इंदूबेन टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघते. टीव्ही बिघडलेला नाही. आणि कान तर असे की माझ्या घरात फोडणी पडली की भिंतीपलीकडून विचारते, "आज लसूण जास्त का गं?"

त्या वर्षी डहाणूतल्या आमच्या गल्लीत सगळ्या बायका एकच मालिका बघत होत्या. बायकोला नवऱ्यावर संशय असतो आणि तो खरा की खोटा ते काही केल्या कळत नाही. आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून मी संध्याकाळी सातला इंदूबेनकडे जायचे. मालिका लागली की ही रिमोट मांडीखाली दाबायची.

"इंदूबेन, निदान ती काय म्हणते ते तरी ऐकू द्या."

"माणसं खोटं बोलायलाच तोंड उघडतात. तू कॅमेरा कुठे जातो ते बघ."

कॅमेरा कुठे जातो ते बघ, हे तिचं ठरलेलं वाक्य. टेबल दाखवलं की म्हणायची, "दोन कप, त्यातला एक भरलेला. पाहुणी आली, पण चहा न पिता गेली. भांडण झालंय." बायको आरशासमोर उभी राहिली की, "तोंड अर्धंच दाखवलंय. म्हणजे हीसुद्धा काहीतरी लपवते." नवऱ्याच्या खोलीचं दार किलकिलं दिसलं की माझ्या मांडीवर थाप. "बाई आत असती तर दार लावलं असतं. हे आपल्याला फसवायला उघडं ठेवलंय." वैताग असा की पुढच्या आठवड्यात तसंच निघायचं. मालिका संपली तरी त्या बायकोचा आवाज कसा होता ते मला माहीत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण मालिका संपली आणि इंदूबेनची नजर रिकामी झाली. ती माझ्या घरात शिरली.

"भावजी हल्ली आरशात फार बघतात."

"भांग पाडत असतील."

"रुमाल नवा. तोंडाला लावूनच बोलतात. घरी दोन घास खाऊन उठतात. बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून उधव्याच्या गाडीत बसतात. मी कॅमेरा असते तर त्या गाडीतच जाऊन बसले असते."

मी हसून सोडून दिलं. पण संध्याकाळी ताट उचलताना बघितलं, अर्धी भाकरी तशीच. विचारलं तर रुमालाआडून म्हणाले, "भूक नाही." लग्नाला बावीस वर्षं झाली, यांना भूक नाही असं कधी झालं नव्हतं. पुढचं विचारायची हिंमत होईना. मी मुळात कमी बोलणारी, त्या आठवड्यात तर त्या मालिकेसारखी नुसती हलत होते.

बुधवारी हे गेले आणि मागच्या गाडीने इंदूबेन मला ओढत घेऊन निघाली. वाटेत तळासरीला गाडी थांबली तेवढा वेळ ती पिशवीत डोकं घालून काहीतरी शोधत होती. बाकी सगळा रस्ता तिचं तोंड चालू.

उधव्याच्या बाजारात तिने एका दाराबाहेर यांची चप्पल बरोबर ओळखली. अंगठ्याला लाल दोऱ्याने मीच शिवली होती.

"चप्पल काढून आत गेलेत. म्हणजे घरच्यासारखं येणं-जाणं आहे," असं म्हणत तिने दार ढकललं.

आत हे खुर्चीवर आडवे, आ वासलेला, तोंडात गुलाबी लगदा. वर दातांचा डॉक्टर वाकलेला.

"बाई कुठाय?" इंदूबेनने विचारलं.

"बाई आज सुट्टीवर आहेत," डॉक्टर म्हणाला. "दात काढायचा असेल तर मी काढतो."

यांचे पुढचे दोन दात गेले होते आणि नवे बसेपर्यंत मला कळू द्यायचे नव्हते. लगदा थुंकून म्हणाले, "बोळका नवरा तुला दाखवायची लाज वाटत होती." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. यांना अजून थांबायचं होतं, म्हणून आम्ही दोघीच परतीच्या गाडीत बसलो.

"इंदूबेन, यापुढे माझ्या घरात बघायचं नाही," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी एवढं बोलले. तिने मला खिडकीजवळ सरकवलं.

तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी तळासरीला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायला गेला आणि तिथेच दुसरं घर करून राहिला. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, तिच्यासमोर कोणी विषय काढत नाही. तळासरीला गाडी थांबली तेव्हा ती मांडीवरच्या पिशवीकडे बघत म्हणाली, "समोर सायकलचं दुकान आहे ना? उघडं आहे?"

"आहे."

"माणूस बसलाय?"

"बसलाय. चष्मा आहे."

"चष्मा लागला?" तिने पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. "बारीक झालाय?"

"तुम्हीच बघा ना."

"नको. तू सांग. एकटाच आहे?"

दुकानाच्या पायरीवर एक बाई मेथी निवडत बसली होती. त्याचे हात काळ्या ग्रीसने भरलेले, म्हणून तिने तांब्या उचलून त्याच्या तोंडाला लावला. तो प्यायला. दोघंही काही बोलले नाहीत.

"एकटाच आहे," मी म्हणाले.

इंदूबेनने मान वर केली. खिडकीकडे नाही, माझ्या तोंडाकडे. गाडी सुटून पूल ओलांडेपर्यंत ती बघत राहिली.

"बरं," म्हणाली. मग पिशवीतून एक चिकू काढला, हातानेच दोन भाग केले आणि मोठा भाग मला दिला.