पायरी उतरलेलं गिऱ्हाईक

आमचे गुरुलिंगअप्पा दर महिन्याला मोबाइलची कंपनी सोडायचे आणि सोडून कुठंच जायचे नाहीत.

म्हणजे काय करायचे, सांगते. सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती फिरवली, कपाळावरची विभूती नीट आहे का ते स्टीलच्या ताटात बघितलं, की खिशातून फोन काढायचे आणि 'नंबर हाच ठेवून कंपनी बदलायची आहे' असा मेसेज पाठवायचे. मग एक कोड यायचा. तो घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जायचं असतं. अप्पा कशाला जातायत! ते फोन पुढ्यात ठेवून, पाय वर घेऊन गादीवर बसायचे. थोड्या वेळात कंपनीतनं पोरीचा फोन आलाच म्हणून समजा. अप्पा तो स्पीकरवर टाकायचे, म्हणजे शेजारच्या माझ्या मॅचिंग सेंटरमध्ये अस्तराचं कापड फाडता फाडता मलाही सगळं ऐकू यायचं.

"सर, आपण आम्हाला का सोडून जाताय?"

"मन उठलंय."

"आमच्याकडून काही चूक झाली का सर?"

"चूक न्हाय म्हनता येनार. पन पहिल्यासारखं ध्यान न्हाय तुमचं माझ्याकडं."

ती बिचारी मग काहीबाही देऊ करायची. एवढे दिवस जास्त, एवढं नेट फुकट. अप्पांना नेटचं काय करायचंय? ते विचारायचे, "बाई, तुझं गाव कंचं? जेवलीस का?" आणि शेवटी लई उपकार केल्यासारखं म्हणायचे, "बरं, एवढं म्हनतेस तर राहतो." फोन ठेवून माझ्या दुकानाकडं तोंड करून ओरडायचे, "मंगलअक्का, राहिलो बघा!" जसं काही दुबईला निघालेले विमानतळावरनं परत आलेत. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, पण अक्काच म्हणतात. त्यांच्यात बाईमाणसाला तसंच म्हणतात.

उमरग्याच्या बाजारात अप्पांचं भांड्याचं दुकान. पंचक्रोशीतली लग्नाची भांडी तिथूनच जायची. अप्पा मराठी बोलतात ते आमच्यासारखं, हिशेब करतात तो कानडीत आणि चिडले की दोन्ही एकदम. बायको, गौराकाकू, शिवेपलीकडच्या, कर्नाटकातल्या. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा महेश पुण्याला नोकरीत. पोरगा चांगला आहे, रोज रात्री फोन करतो.

आता नुसता फोन म्हटलं की अप्पा जुन्या दिवसांवर घसरतात, आणि खरं सांगू का, मलाही ते ऐकायला आवडतं. काय दिवस होते बाई ते! आमच्या चौकात जेवढ्या कंपन्या तेवढ्या रंगीत छत्र्या. छत्रीखाली एक टेबल, टेबलावर सिम कार्डं आणि शेजारी एक पोरगा, "मामा, घ्या की एक, फुकट हाय!" करत उभा. कंपन्यांची माणसं येऊन आमची शटरं फुकटात रंगवून द्यायची. अप्पांचं शटर एका दिवाळीला निळं झालं, पुढच्या पाडव्याला लाल, मग पिवळं. प्रत्येकाला अप्पांनी "रंगवा की" म्हटलं. अजून कुठं पोपडा उडाला तर खालची जुनी कंपनी डोकावते. त्या कंपनीचं आता नावसुद्धा कुणाला आठवत नाही, अप्पांना सोडून.

अप्पांकडं त्या प्रत्येक कंपनीचं सिम होतं. कुणाला नाही म्हणायचं जिवावर यायचं त्यांच्या. शिवेकडच्या रानात गेले की फोन कर्नाटकचा टॉवर धरायचा आणि 'कर्नाटकात आपलं स्वागत आहे' असे मेसेज एकामागनं एक पडायचे. अप्पा बांधावर उभं राहून हात जोडायचे. "स्वतःच्या तुरीत उभा हाय, तरी स्वागत करतेत. माणुसकी हाय कंपन्यांत."

मग कंपन्या एकमेकींत मिसळायला लागल्या. आज ही त्या मोठीत गेली, उद्या ती हिच्यात. चौकातली एकेक छत्री मिटली. आणि टीव्हीवर बातमी आली की आता राहिलेल्यांतल्या दोन मोठ्या एक होणार, दिल्लीतनं मंजुरी मिळायची तेवढी बाकी आहे. अप्पांचा पारा चढला. दिवसभर गिऱ्हाइकाला तांब्या दाखवता दाखवता तेच.

"सोयरीक जुळवताना पोरीला तरी इचारतेत. हितं आमाला कोन इचारलं? सरकारनं मंजुरी देऊच ने!"

मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, "अप्पा, लहान कंपनी कर्जात बुडून बंद पडण्यापेक्षा मोठीत गेलेली काय वाईट? दोघींचे टॉवर एक झाले तर रेंज तरी येईल. तुमच्या गोदामात फोन लागत नाही म्हणून तुम्हीच बोंबलता ना?"

"रेंज येईल, व्हय," अप्पा म्हणाले. "बुडनाऱ्याला धरू ने असं म्या म्हनत न्हाय. पन दोन धडधाकट मिळून एक झाले तर त्यास्नी माझी काय परवा? अक्का, तुमच्या दुकानातनं बाई भावावरनं रुसून पायरी उतरली तर तुमी काय करता?"

"हाक मारते."

"का मारता?"

"न मारून कसं? पुढं दोन मॅचिंगवाले बसलेत की."

"आन् ते दोघं तुमच्यातच आले तर? माराल हाक?"

खोटं कशाला बोलू, नसती मारली.

आणि अप्पांना हे बोलायचा हक्क होता. त्यांच्या दुकानासमोरच दुसरं भांड्याचं दुकान आहे, शेट्टेंचं. आयुष्यभर दोघांची चुरस. एकदा लग्नसराईच्या तोंडावर शेट्टे स्वतः चालत आले होते. म्हणाले, अप्पा, दोघं मिळून एकच दुकान करू, एकच भाव ठेवू, सुखानं जगू. अप्पांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "बेडा, शेट्टे, नको. बाया रुसून माझ्याकडनं तुमच्याकडं जातेत, तुमच्याकडनं माझ्याकडं येतेत. त्यांच्या रुसायची जागा काढून घेऊ ने." पायरी उतरलेल्या बाईला हाक मारावी ती अप्पांनीच. "ओ अक्का, जाऊ नका, ओ बसा तरी!" सगळा बाजार वळून बघायचा. बाईला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत.

दिल्लीतनं मंजुरी आली. अप्पांना कुणी विचारलं नाहीच.

त्या महिन्यात अप्पांनी नेहमीप्रमाणं मेसेज पाठवला. कोड आला. फोन पुढ्यात ठेवून, पाय वर घेऊन बसले. दुपार झाली. जेवायला घरी गेले नाहीत, मधेच फोन आला तर? संध्याकाळी त्यांनीच कंपनीला फोन लावला. आतनं मशीन बोललं, मराठीसाठी एक दाबा. अप्पांनी दाबला. याच्यासाठी दोन, त्याच्यासाठी तीन. अप्पा दाबत राहिले. शेवटी फोनवर खेकसले, "सगळं म्याच दाबू व्हय? तुमच्यात मानूस हाय का न्हाय कुनी?" मशीन म्हणालं, धन्यवाद. मला हसू आलं, पण अप्पांचं तोंड बघून आतल्या आत गिळलं.

त्यानंतर अप्पांनी नवंच काढलं. "म्या पुन्याला जातो, महेशकडं." हे ते ज्याला त्याला सांगायला लागले. दुकान देऊन टाकतो म्हणाले. लोक म्हणाले, बरं झालं अप्पा, नातवंडांत राहा. चहावाला म्हणाला, पुण्याची हवा चांगली आहे. मीही म्हटलं, जावा की, किती दिवस हातानं भाकरी थापणार? सगळ्यांनी मनापासूनच म्हटलं. अप्पा "व्हय, व्हय" करायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला परत सांगायचे, "जातो बघा." मी तर वैतागले. मनात म्हटलं, जायचं तर जा ना बाबा एकदाचं, रोज काय दवंडी पिटता!

एका सकाळी ते माझ्या दुकानात आले. हातात पिशवी, नवं धोतर. "अक्का, शनिवारी निघतो. महेश गाडी घेऊन येतोय."

"बरं," मी म्हटलं. हातात कात्री होती, समोर गिऱ्हाईक होतं.

अप्पा वळले. पायरी उतरले. आणि खालीच उभे राहिले, पाठमोरे. पुढं पाऊल टाकेनात. फोन पुढ्यात ठेवून बसायचे ना, अगदी तशी ती पाठ. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, यांनी सगळ्या बाजाराला मेसेज पाठवलाय, आणि फोन कुणाचाच येत नाही!

"अप्पा!" मी कात्री टाकून ओरडले. "ओ अप्पा, जाऊ नका!"

ते वळले नाहीत. "का?"

माझ्या तोंडातनं त्या कंपनीच्या पोरीचंच वाक्य आलं. "आमच्याकडून काही चूक झाली का?" गमतीत म्हणायला गेले आणि पायरी उतरून त्यांच्यामागं उभी राहिले.

अप्पा वळले. डोळे भरले होते त्यांचे. म्हणाले, "मालाला हैदराबादला निघालो की गौरा दारात उभी ऱ्हायची. 'होगबेड्री' म्हनायची. जाऊ नका. तिला ठावं असायचं, जायचंच हाय, रातीच्याला परत येनार हाय. तरी दर खेपेला म्हनायची. ती गेली तवापासनं त्या कंपनीच्या पोरीच म्हनत व्हत्या, अक्का." धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि एकदम दुकानदार झाले. "बोला, ऑफर काय?"

"सकाळचा चहा माझ्याकडनं. आयुष्यभर."

"आयुष्यभर बेडा. आयुष्यभरवाल्या कंपन्या सगळ्या गेल्या, बघितलं न्हाय का? महिन्याच्या महिन्याला करा."

महेश शनिवारी आला तो जेवून, दोन पातेली घेऊन परत गेला. तेव्हापासनं दर महिन्याला एका सकाळी अप्पा माझ्या पायरीवर येतात, "जातो म्हनतो पुन्याला" म्हणतात आणि उतरून पाठमोरे उभे राहतात. मी गिऱ्हाइकादेखत हाक मारते. अप्पा म्हणतात, "बरं, एवढं म्हनता तर राहतो."

मागच्या महिन्यात मी तापानं घरी पडले होते, दुकान बंद. पडल्या पडल्या माझा जीव लागेना, आज अप्पांचा दिवस. दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं सांगितलं. अप्पा माझ्या बंद शटरपुढं पिशवी घेऊन बराच वेळ उभे होते. मग समोरनं शेट्टे तराजू टाकून पायरीवर आले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "ओ अप्पा, जाऊ नका! बाया रुसून जातील कुणाकडं?"