कल्ल्यांसाठी एक कप्पा

बाळांनो, आपल्या शेजारचे पाठक सर जन्माचे शाकाहारी, पण शिरूरच्या मासळीबाजारात त्यांच्याइतकं नेमानं कुणी जात नाही. तिथं ते मासा घेत नाहीत. फक्त कल्ले मागतात.

"अवो सर, मासा तरी न्या की," मासळीवाली मुमताजभाभी म्हणते. "निस्तं कल्लं नेऊन काय करताय?"

"मासा मला काय कामाचा? मी शाकाहारी आहे."

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. माशांच्या कल्ल्यांना चिकटून जगणाऱ्या बारीक कृमी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांना ते 'भाडेकरू' म्हणतात. एकदा मी पोहे घेऊन गेले, तर आधी मायक्रोस्कोपला डोळा लावावा लागला.

"वहिनी, हे हुकासारखे आकडे बघा. यांनीच ती कल्ल्याला धरून बसते. शिंगटा माशाची भाडेकरू वेगळी, मरळीची वेगळी. हिचा आकडा तिच्या घरात लागत नाही."

मला कापलेल्या नखाच्या कोरीसारखं काहीतरी दिसलं. मी "सुरेख" म्हटलं. पोहे गार झाले.

सर एकटेच राहतात. मुलगा दर रविवारी फोन करतो, सणसवाडीला आमच्याकडे राहायला या. सरांचं उत्तर ठरलेलं. "शिंगट्याची कृमी चिलापी माशावर ठेवली तर मरते." आणि फोन ठेवून देतात.

गेल्या रविवारी सूनबाई स्वतःच आली. रश्मी मोठी टापटिपीची. तिच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सरांनी तिलाही चिलापी ऐकवली.

तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, एका जातीच्या सगळ्या कृमींचे आकडे अगदी सारखे असतात?"

"छे, छे." सर रंगात आले. "एखादीचा जरा तिरका निघतो. क्वचित तीच नव्या माशावर तग धरते. पिढ्यान् पिढ्या गेल्या की तिची वेगळी जात होते."

"मग तुमचा आकडा कुठं सरळ आहे?"

मी पदराआड हसले. सर हसले नाहीत.

"आमच्याकडच्या मासळीवाल्याला कल्ले ठेवायला सांगितलंय," ती म्हणाली. "फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा केलाय." आणि कपबश्या विसळायला आत गेली.

सर मायक्रोस्कोपची काच पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले,

"वहिनी, अख्खा कप्पा नको म्हणावं. भाडेकरूनं घरमालकाला जड होऊ नये. डब्याला कोपरा पुरेल. तुम्ही सांगता का तिला?"