निंबर्ग्याची गाडी उद्या

मलकप्पाअण्णा रोज दुपारी दोन वाजता माझ्या वडिलांच्या पाठीवरून बीदरहून गुलबर्ग्याला जात असत.

यात अलंकार वगैरे काही नाही. अलंकार मला जमत नाहीत. मी जिल्हा कचेरीतला कारकून, माझ्या हातून पत्राचा मायना धड उतरत नाही. मलकप्पाअण्णा घरोघर जाऊन दुखरी अंगं चोळून देत, आणि त्यांच्या मते माणसाचं अंग म्हणजे बीदर-गुलबर्गा मोटारीचा रस्ता होता. डोकं म्हणजे बीदर. तिथं किल्ल्यावर कोमट करडीचं तेल पडलं की गाडी सुटायची. मान उतरली की हल्लीखेड. खांद्यांची रेघ म्हणजे हुमनाबाद. तिथं सोलापूर-हैदराबादचा रस्ता आडवा जातो, म्हणून डावा हात सोलापूर आणि उजवा हैदराबाद. पाठीच्या पन्हळीत कमलापूर. कंबर म्हणजे गुलबर्गा. तिथं गाडी बराच वेळ थांबायची. "टेसन मोठं हाय, घाई करून कसं जमंल?" पुढं रस्ता फुटायचा. उजवा पाय शहाबादला, टाचेला अंगठा लागला की म्हणायचे, "आली फरशी." डावा पाय आळंदला. आणि डाव्या पायाची करंगळी म्हणजे निंबर्गा.

निंबर्ग्याला मात्र गाडी कधी जायची नाही. नऊ बोटं चोळून झाली की अण्णा त्या करंगळीपाशी येऊन थांबत, तिला न शिवता तेलाची वाटी उचलत आणि म्हणत, "निंबर्ग्याची गाडी उद्या."

हा नकाशा जागच्या जागी बसावा म्हणून माणसाचं डोकं उत्तरेला लागे. उत्तरेला डोकं करून निजू नये, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळं निम्म्या घरांतून उंबऱ्यावरच वाद व्हायचा. "मंग बीदर दक्षिणेला सरकवू का मी?" अण्णा शांतपणे विचारत. बीदर सरकवायची कुणाचीच तयारी नसल्यामुळं खाटच सरकवावी लागे.

तरुणपणी ते निंबर्ग्याच्या तालमीत होते. तिथं कुस्ती फारशी आली नाही, पण पडलेल्या पैलवानांना चोळून चोळून हात तयार झाला. मग वीसेक वर्षं ते या रस्त्यावरच्या एका खाजगी मोटारीवर क्लीनर होते. हुमनाबादला गाडी थांबली की ड्रायव्हरची आखडलेली मान मोकळी करून देणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं काम. मोटार बंद पडली, मालक गेला. रस्ता तेवढा अण्णांच्या हातात राहिला.

ते आमच्या घरी आले, तेव्हा मैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं होतं, पण आमच्या कचेरीची पाटी बदलायची होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, न्हाणीत पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. दुसऱ्या कुणाचं एवढ्यावर भागलं असतं. पण अप्पा शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि पांढरा पटका बांधल्याशिवाय त्यांनी जन्मात उंबरा ओलांडला नव्हता. पटक्याला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. दुसऱ्याला ते बांधू देत नसत. एकदा हट्टानं मी बांधला. अप्पा आरशात बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तिखटाची पुडी दिसायलीय." त्यानंतर त्यांनी संध्याकाळी विहारात जाणं सोडलं. भिंतीकडं तोंड करून बसू लागले. वर बुद्धाची तसबीर होती. दोघांपैकी कोण जास्त गप्प, हे सांगणं कठीण झालं.

कचेरीतल्या कुणीतरी मलकप्पाअण्णांचा पत्ता दिला आणि मी त्यांना घेऊन आलो. गोल कपाळ, त्यावर विभूतीचे तीन पट्टे, सायकलला टांगलेली तेलाची बाटली. अप्पांनी खाटेवरूनच मला विचारलं, "घर कुणाचं हाय, सांगितलास का त्यांना? ही वस्ती कुठली, आपण कोण, सगळं?"

मी सांगितलं नव्हतं. धर्म बदलून पंधरा-वीस वर्षं झाली होती, पण शेजारच्या गल्लीला ते अजून पटलं नव्हतं, आणि मी असले प्रश्न पुढच्या तारखेवर ढकलण्यात पटाईत.

अण्णांनी वाटी चुलीजवळ कोमट करायला दिली आणि खाटेचं डोकं उत्तरेला फिरवलं. "मास्तर," ते म्हणाले, "हुमनाबाद चुकवून कुणाचीच गाडी गुलबर्ग्याला जात न्हाई. आंग ढिल्लं सोडा."

आणि त्यांनी अप्पांचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

तिथून पुढं आमच्या घरातल्या दुपारी बदलल्या. मी जेवायला म्हणून कचेरीतून येई आणि दाराशी खुर्चीवर बसे. अण्णांचा आवाज एकाच पट्टीत चालायचा, चढ नाही की उतार नाही. "हल्लीखेड गेलं. आता डाव्या अंगाला हिरीवर मोट चाललीय, बगा. एक म्हातारी हात करायलीय. घ्यावं का तिला? घेऊ. स्वल्प तडीरी अक्का, जरा दम धरा, गाडी थांबू द्या." लांब कुठंतरी डाळीच्या गिरणीची घरघर. त्या घरघरीतच मोटार चालायची. तेलाच्या वासात मला रस्त्याकडेची बाभळ दिसू लागे. मग अप्पांची पाठ मोठी मोठी होत जाई, तिच्यावर संध्याकाळचं ऊन पडे, आणि कमलापूरला तांबड्या केळ्यांच्या टोपल्या घेऊन बायका खिडकीखाली उभ्या राहत. त्यांतली एक हुबेहूब माझ्या आईसारखी दिसायची. मी केळं घ्यायला हात पुढं करी, तेवढ्यात मान लटकून जाग येई. अप्पा घोरत असत. अण्णा गुलबर्ग्याला पोचलेले असत. मीही मग गुलबर्ग्यातल्या माझ्या कचेरीत तासभर उशिरा पोचे.

"कमलापूरच्या फुडं जागा असलेला माणूस मी अजून बगितला न्हाई," अण्णा म्हणत. माझी बायकोही स्वयंपाकघराच्या दाराआड पाटावर बसून डुलक्या घ्यायची. तिचं म्हणणं, तिला हुमनाबादलाच झोप लागते, कारण ती दमलेली असते.

असे दोनेक महिने गेले. मी रोज विचारी, "अप्पा, हात?" अप्पा हात कानापर्यंत नेऊन तोंड वाकडं करत. "वर जायना." अण्णाही मान हलवत. "हुमनाबादला रस्ता लई खराब हाय, साहेब. दुरुस्ती चाललीय."

मग एके दिवशी मी जरा लवकर घरी आलो. दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं, तर आत अप्पा आरशासमोर उभे. दोन्ही हात डोक्याच्या वर, उजवा तर डाव्यापेक्षा चार बोटं उंच, आणि पटक्याचे पेच एकावर एक असे बसत होते की पाहत राहावं. शेवटचं टोक खोचून त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. तेवढ्यात गल्लीत अण्णांच्या सायकलची घंटी वाजली. अप्पांनी घाईघाईनं पटका सोडला, खुंटीला अडकवला, खाटेवर पडले आणि कण्हले.

माझ्या हातून कुठली फाइल कधी वेळेवर बंद झालेली नाही. ही मात्र मी दोन मिनिटांत बंद केली. अण्णा आत आल्याबरोबर मोठ्या आनंदानं जाहीर केलं, "अण्णा, अप्पा बरे झाले. मी डोळ्यांनी पाहिलं. पटका बांधतात. आता तुम्हांला उगी उन्हातान्हाचा त्रास नको. आजच्या दिवस करा आणि बास."

अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. अण्णांनी वाटी हातात घेतली.

त्या दिवशी गाडी मुकाट्यानं गेली. म्हातारी नाही, केळी नाहीत. मला झोप आली नाही. शहाबाद झालं, आळंद झालं. करंगळीपाशी अण्णा थांबले. मग त्यांनी बोट तेलात बुडवलं आणि ती करंगळी दोन्ही बाजूंनी हळूहळू चोळली, अगदी नखाच्या कडेपर्यंत.

"लाइन पुरी झाली, मास्तर," ते म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी अप्पांनी पटका बांधला. बांधून खाटेवरच बसून राहिले.

"विहारात जात नाही?" मी विचारलं.

"तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

"पण अप्पा, खांदा तर बरा..."

"खांदा पंचमीलाच सुटला. मलाबी ठाऊक हाय, त्यालाबी ठाऊक हाय. तुला तेवढं कळायला आजची दुपार लागली." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तीस वर्षं मास्तरकी केलो. माझ्या हातची चिठ्ठी लोक लांबून घेत होते, खाली ठेव म्हणायचे. हा माणूस रोज येऊन माझं डोकं मांडीवर घ्यायलाय. अन् तू त्याला त्रास नको म्हणून सांगायलास."

माझी बायको आतून म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन घेऊन या त्यांना." घरात असले निर्णय तिचेच असतात.

जुन्या मोटार स्टँडामागं अण्णांची खोली होती. दार उघडं. सायकलच्या मागं वळकटी बांधून झालेली. अण्णा उंबऱ्यात बसून एका लांबट लोखंडी किल्लीला करडीचं तेल लावत होते, एखाद्या बोटाला लावावं तसं. ती किल्ली मी त्यांच्या करदोट्याला नेहमी पाहत आलो होतो. सायकलची असेल, असं समजत होतो.

"कुठं निघालाव, अण्णा?"

"निंबर्ग्याला. लाइन पुरी झाली की गाडी गावाला नेऊन लावायची असती."

"तिथं कोण हाय?"

"घर हाय की."

"घरात?"

"घराला कुलूप हाय," ते म्हणाले. "कारभारीन गेली त्या दिवशी लावलेलं. आठ वर्सं झाली. गंजलं असंल."

एवढं सगळं त्यांनी त्या एकाच पट्टीत सांगितलं, हल्लीखेड गेलं म्हणावं तसं. आणि रोज कुणाकुणाच्या पायाशी एक करंगळी कोरडी ठेवून हा माणूस काय राखून ठेवत होता, ते माझ्यासारख्याच्याही डोक्यात शिरलं. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "अण्णा, माझी कंबर धरलीय."

"कदी?"

"कालपासून. म्हणजे परवा."

त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि कंबरेत अंगठा दाबला. इकडं दाबला, तिकडं दाबला.

"गुलबर्ग्यात तर सामसूम हाय, साहेब. कुठंच गर्दी न्हाई."

"गर्दी दुपारी होते," मी म्हणालो.

अण्णांनी अंगठा तसाच ठेवला. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मग किल्ली करदोट्यात सरकवल्याचा बारीक आवाज आला.

"दुपारचं बगू," ते म्हणाले. "दोनला."

दोन वाजता घंटी वाजली, तेव्हा अप्पा पटका बांधून बसले होते. त्यांनी उठून दोन्ही हातांनी खाटेचं डोकं उचललं आणि उत्तरेला फिरवलं.

"सावकाश, मास्तर. खांदा दुखंल," अण्णा म्हणाले.

"माझं ऱ्हाऊ द्या. पोराची कंबर बगा. लई दुखायलीय बिचाऱ्याची."

दोघंही गंभीर होते. मी पालथा झालो. मनाशी पक्कं ठरवलं होतं, आज झोपायचं नाही. अण्णा करंगळीपाशी काय करतात, ते डोळ्यांनी पाहायचं. ती चोळली, तर वळकटी अजून सायकलवरच आहे असं समजायचं. किल्ल्यावर कोमट तेल पडलं. गाडी सुटली. हल्लीखेडच्या विहिरीवर मोट चालली होती. म्हातारीनं हात केला. "घ्यावं का तिला?" अण्णांनी विचारलं, आणि खुर्चीवरून अप्पा म्हणाले, "घ्या की. जागा हाय." कमलापूरला बायका टोपल्या घेऊन धावत आल्या. तांबड्या केळ्यांवर ऊन होतं. या वेळी हात पुढं केला, तर केळं हातात आलं.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन उतरलं होतं. खुंटीवर पटका नव्हता. "दोघं विहाराकडं चालत गेले," बायको म्हणाली. "अण्णा सायकल हातात धरून."

मी उठून बसलो आणि डावा पाय जवळ ओढला. चारी बोटं तेलानं चपचपीत होती. करंगळीवरून बोट फिरवून पाहिलं.

कोरडी होती.